माझ्या मापाची काठी

या वर्षी मंडळाच्या गणपतीला मी क्लबमधून थेट आले. हातात लांब, अरुंद, काळी पेटी होती. ती चपलांच्या ढिगाशेजारी ठेवायला जीव होईना, म्हणून खांद्याला लावूनच आरतीला उभी राहिले. "वहिनी, बासरी शिकताय का?" असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "एवढी लांब? बंदूक असेल." स्नूकरचा क्यू आहे म्हटल्यावर आधी "तुम्ही खेळता?" असा प्रश्न आला आणि किंमत कळल्यावर "काठीला एवढे पैसे?" असा. तिथे प्रसाद वाटायचा होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते इथे लिहिते.

आपलं लेस्टर हे स्नूकरचं गाव आहे. मार्क सेल्बी इथलाच, चार वेळा जगज्जेता. पण माझ्या डोक्यात हा खेळ लेस्टरने घातला नाही, पुण्याने घातला. माझे बाबा तिथल्या एका क्लबात मार्कर होते. गुण सांगायचे, चेंडू जागेवर लावायचे, टेबलाचं हिरवं कापड एकाच दिशेने ब्रश करून इस्त्री करायची, क्यूच्या टिपा बदलायच्या, ही त्यांची कामं. स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी काढला आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, या दोन गोष्टी ते घरच्या असल्यासारख्या सांगत. बायकांना मात्र त्या खोलीत प्रवेश नव्हता. मी मागच्या दाराने डबा पोचवून परत यायची.

मी अकरा वर्षांची असताना पावसाळ्यात एकदा क्लब बंद होता. त्या दिवशी बाबांनी मला आत घेतलं, स्टुलावर उभं केलं आणि हातात क्यू दिला. मी हात मागे ओढला तशी त्याची मूठ मागच्या भिंतीवर आपटली. मी रडकुंडीला आले. बाबा म्हणाले, "तू लहान नाहीस गं, काठी मोठी आहे."

पुढे चाळीस वर्षं काठी मोठीच राहिली. माझी उंची पाच फूट एक इंच. क्लबच्या मांडणीतले क्यू सत्तावन-अठ्ठावन्न इंची. खेळायला लागल्यावर मी एक स्वस्तातला विकत घेतला होता. त्यावर इतकं वॉर्निश होतं की उन्हाळ्यात तो बोटांना चिकटायचा. एका हिवाळ्यात मी तो रेडिएटरला टेकवून ठेवला आणि मार्चपर्यंत त्याचं धनुष्य झालं. तो दोष माझाच. पण पुन्हा घ्यायचा तर नीट, हाताने केलेला घ्यायचा, असं तेव्हा ठरवलं. ठरवण्यात आणि घेण्यात सहा वर्षं गेली. दर वेळी त्या पैशात भारताचं तिकीट दिसायचं.

शेवटी मे महिन्यात शेफील्डच्या गाडीत बसले. शेफील्ड म्हणजे क्रूसिबल थिएटर, १९७७ पासून जागतिक स्पर्धा तिथेच होते. पण मी त्याआधीच, चेस्टरफील्डला उतरले. त्या गावाच्या चर्चचा कळस गाडीतूनच दिसतो. तो सरळ नाही. नऊ फुटांहून अधिक कललेला आणि पिळलेला आहे, ओला पंचा पिळावा तसा. सैतान त्यावर बसला होता आणि त्याने शेपटी गुंडाळली, असं गावकरी सांगतात. कारण अधिक साधं असावं. चौदाव्या शतकात ओकचं ओलं, न मुरलेलं लाकूड वापरलं आणि त्यावर तेहतीस टन शिशाचे पत्रे ठोकले. लाकूड वाळताना त्याला हवं तिकडे गेलं. क्यू घ्यायला निघालेल्या बाईला दाखवायला याहून चांगला नमुना नाही.

तिथून बसने एका दरीत गेले. जुन्या कापडगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर कारखाना होता. कारखाना कसला, दोन खोल्या. आत जवसाच्या तेलाचा वास. इथे वॉर्निश फासत नाहीत, जवसाचं तेल कापडाने पुन्हा पुन्हा चोळतात. भिंतीशी चौकोनी दांडे उभे होते, प्रत्येकावर पेन्सिलने वर्ष. दांडा एकदम तासून मोकळा करायचा नसतो. थोडा तासायचा, काही महिने ठेवायचा, वाकला तर बाजूला टाकायचा, नाही वाकला तर अजून थोडा तासायचा. कारागीर साठीचा, मितभाषी माणूस. त्याने बाजूला टाकलेल्यांचा ढीग दाखवला. तो निवडलेल्यांपेक्षा मोठा होता.

दांडा बहुधा अ‍ॅशचा असतो, नाहीतर मेपलचा. मेपल गुळगुळीत, जवळजवळ बिनरेषांचा. अ‍ॅशवर बाणाच्या टोकांसारख्या रेषा एकामागे एक उमटतात आणि नेम धरताना त्या नजरेखाली येतात. काहींना त्या खुपतात, मला आधार वाटतात. या झाडाचे सध्या वाईट दिवस आहेत. ब्रिटनमध्ये २०१२ साली बुरशीचा रोग सापडला. अमेरिकेत त्याआधी दहा वर्षं एक हिरवा भुंगा सापडला होता, त्याने कोट्यवधी झाडं मारली. म्हणून हा माणूस जुने दांडे दागिन्यांसारखे जपतो.

मूठ काळ्या अबनूसची. बाबा मागच्या अंगणात जी विडी ओढायचे तिचं पान टेंभुर्णीचं, आणि अबनूस त्याच कुळातलं. हे मी त्याला सांगितलं. तो पहिल्यांदा हसला.

सगळी करामत दांडा आणि मूठ यांच्या जोडात आहे. दांड्याचं खालचं टोक चारही अंगांनी तिरकं रंधून पाचरीसारखं करतात. त्या उतारांवर अबनूसच्या पट्ट्या चिकटवतात, आधी समोरासमोरच्या दोन, त्या सुकल्यावर उरलेल्या दोन. मग तो चौकोनी ठोकळा रंध्याने गोल करत आणतात. गोल होता होता काळ्या लाकडाची टोकं पिवळ्या लाकडावर कमानीसारखी उमटतात. चारही कमानी एका उंचीवर आल्या की समजायचं, हात बसलेला आहे. यंत्रावर केलेल्या जोडाची टोकं भाल्यासारखी अणकुचीदार असतात. तो जोडही मजबूत असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण एकाच्या मापाचा एकच क्यू असा यंत्रावर कोण करणार?

"तुमच्या क्लबचा क्यू आणलात?" त्याने विचारलं. आणला होता, मागून घेऊन. कोपऱ्यात पूर्ण आकाराचं, बारा फुटी टेबल होतं. मला खेळायला सांगून तो बाजूला उभा राहिला. सात-आठ फटक्यांनंतर माझा हात जिथे मुठीवर होता तिथे त्याने खडूने रेघ मारली. रेघेमागे पाच इंच लाकूड उरत होतं. "हे पाच इंच तुम्ही कुणासाठी वागवता?" मी म्हटलं, कापून द्या मग. तो म्हणाला, कापला की तोल पुढे जातो, हातात नुसतं टोक जड लागतं. निमुळतेपणाच पंचावन्न इंचांच्या हिशेबाने धरायला हवा. आखूड क्यूला क्लबातले हसतील, ही माझी खरी भीती होती. त्याने शांतपणे नियम सांगितला, क्यू तीन फुटांहून आखूड नको, एवढंच बंधन आहे.

मग त्याने तीन दांडे पुढे ठेवले. पहिला इतका देखणा होता की मी किंमत न विचारताच हो म्हणणार होते. बाबांची सवय आठवली. एक डोळा मिटून टोकाकडून पाहायचं, पाव फेरी फिरवायचं, पुन्हा पाहायचं. टेबलावर घरंगळवून बघणारे खूप, पण हाताने रंधलेला क्यू अगदी वर्तुळात गोल नसतो आणि मुठीला एक बाजू मुद्दाम चपटी केलेली असते, त्यामुळे सरळ असूनही तो डुगडुगतो. तो देखणा दांडा सरळ होता, पण बाणाच्या रेषा मध्येच एका बाजूला सरकलेल्या. दुसरा मेपलचा. तिसरा साधा. रेषा सारख्या अंतरावर, टोकापासून मुठीपर्यंत मधोमध.

असेच तीन तयार क्यू त्याने खेळून बघायला दिले. पांढरा चेंडू टेबलाच्या मधल्या रेषेवरून तपकिरी, निळ्या, गुलाबी, काळ्या चेंडूंच्या जागांवरून सरळ मारायचा. तो पलीकडच्या गादीवरून परतून टिपेलाच भेटला पाहिजे. पहिल्याने फटका मारताना मुठीत झिणझिण्या आल्या. तिसऱ्यासारख्याने काही जाणवलंच नाही, फक्त आवाज आला. चेंडू मात्र परत आला तो टिपेच्या दोन बोटं डावीकडे. ते माझं, क्यूचं नव्हे.

तिसराच ठरला. पंचावन्न इंच, सतरा औंस, टीप साडेनऊ मिलिमीटरची. मुठीत रंगीत लाकडाच्या नक्षीच्या पट्ट्या हव्या तर नव्वद पौंड जास्त. नको म्हटलं. एकसंध क्यू सर्वात उत्तम असं जुने लोक म्हणतात, पण आपल्याला बसने जायचं असतं, म्हणून मुठीत सांधा घेतला. एकूण पाचशे साठ पौंड. आगाऊ रक्कम देताना हात जरा थांबला, हे कबूल करते. आजवर साडीच्या ब्लाऊजखेरीज माझ्या मापाचं असं काही मी कुणाकडून करून घेतलं नव्हतं.

क्यू ऑगस्टअखेर मिळाला. टीप मी त्याला बसवू दिली नाही. बाबांची छोटी कानस माझ्याकडे आहे, लाकडी मुठीची, क्लबातून निवृत्त होताना त्यांना मिळालेली एवढीच वस्तू. त्याने ती हातात घेऊन उजेडात पाहिली, दातांवर अंगठा फिरवला आणि न बोलता टीप आणि डिंक माझ्यापुढे सरकवला. टीप घुमटासारखी गोल करायला मला चाळीस मिनिटं लागली. बाबांना पाच लागायची.

मंगळवारी क्लबात कुणी हसलं नाही. एकाने फक्त क्यू स्वतःच्या क्यूशेजारी उभा धरून पाहिला आणि पुढचा फ्रेम माझ्याकडून हरला. लांबचा निळा अजून चुकतो.

घरी पेटी झोपायच्या खोलीत कपाटामागे आडवी असते, रेडिएटरपासून सर्वात लांब. तिथे पूर्वी यांची मोठी सूटकेस असायची. ती यांनी स्वतःच माळ्यावर टाकली.