जुन्या गोव्याचा जांभा
जुन्या गोव्यास बॉम जेझूची बासिलिका पाहावयास आम्ही गेलों होतों. इ. स. १६०५ त पावन केलेल्या या चर्चचा बाहेरील गिलावा १९५० नंतरच्या दशकांत काढला गेला. तेव्हांपासून उघडा जांभा पावसानें झिजत आहे. प्रवासी मात्र स्मार्टफोनवर स्वतःचीच छबी टिपण्यांत गुंग!

फोन वर कलता धरला कीं उंच भिंती मागें झुकलेल्या दिसतात. म्हणून आम्हीं बरेंच मागें सरून, तो ताठ धरून दर्शनी बाजू टिपली. मग जवळ जाऊन जांभ्याच्या खळग्यांवरून व वसईहून आणलेल्या काळ्या दगडाच्या नक्षीवरून सावकाश व्हिडिओ घेतला. याच जागेवरून दरवर्षी मृगापूर्वीं व दिवाळीनंतर कोणी अशीं चित्रें घेत राहिल्यास, गिलावा पुन्हां द्यावा कीं नाहीं म्हणून वाद घालणाऱ्यांस एका पावसाळ्यांत किती दगड गेला तें तरी दिसेल.