लोखंडावरचा भरवसा

सांगलीच्या विश्रामबागेत डोंगर नाही. विलिंग्डन कॉलेजपासून कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत सायकल मारली तरी दम लागेल असा चढ लागत नाही. आम्हा पोरांचा डोंगर म्हणजे दंडोबा. लोखंड मात्र घरचं. वडिलांचं कुपवाडला फॅब्रिकेशनचं शेड होतं. ग्रील, गेट, जिने. सुट्टीत माझ्याकडे काम एकच. वेल्डिंगवरचा स्लॅग हातोडीनं झाडायचा आणि खालचा जोड सलग आलाय का ते बघायचं. वडील म्हणायचे, "रंग मारल्यावर सगळेच जोड चांगले दिसतात."

कॉलेजात असताना ही नजर घेऊन प्रचितगडावर गेलो. पायथ्याला शृंगारपूर, येसूबाईंचं माहेर. घामटं काढणारी चढण, आणि शेवटी कड्याला लावलेली लोखंडी शिडी. मित्र दरीकडे बघत होते. मी शिडी कातळात जिथं धरली होती तिकडं. सह्याद्रीचा पाऊस चार महिने धुक्यासकट तिथं मुक्कामाला असतो. गंज दिसतो दांड्यावर, पण खातो सांध्यात, जिथं पाणी साचून राहतं. पाय ठेवण्याआधी मी पाइपवर बोटाच्या पेरानं टकटक केली. सगळे हसले. मग एकेकानं तेच केलं.

आपले कडे मुळात लोखंडाचे नव्हते, छिन्नीचे होते. हरिहरच्या पायऱ्या आणि त्यांतल्या बोटं रुतवायच्या खोबणी अजून माणसाला वर नेतात. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ले घेतले आणि अलंगसारख्या गडांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या. तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आज दोर लागतो, कुठं शिडी. लोखंडानं डोंगर नासतो असं म्हणणारे पट्टीचे ट्रेकर मला भेटतात. त्यांच्याशी मी फारसा वाद घालत नाही. आईला घेऊन कळसूबाईला गेलो होतो एवढंच सांगतो. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून निघालं की उभ्या टप्प्यांवर शिड्या आणि रेलिंग. नवरात्रात तिथं रीघ लागते. नऊवारीचा काष्टा घट्ट करून आई शिडीला भिडली. शिडी नसती तर देवीला तिचा नमस्कार खालूनच पोचला असता.

पुढं मुलगा नोकरीला म्युनिकला गेला आणि त्यानं मला इटलीतल्या डोलोमाइट्सला नेलं. १९१५ ते १९१७ या काळात इटली आणि ऑस्ट्रियाचे सैनिक त्या सुळक्यांवर लढले. माणसं आणि दारूगोळा वर चढवायला त्यांनी शिड्या ठोकल्या, दोर बांधले. त्यांतल्या काही वाटांवर आज पोलादी केबल आहे, ठरावीक अंतरावर खुंट्यांनी कातळात जखडलेली. कंबरेच्या हार्नेसला दोन पट्टे, दोन्हींच्या टोकाला केबलला अडकवायची कडी, कॅराबिनर. खुंटी आली की एक काढून पलीकडे अडकवायचा, मगच दुसरा. दोन्ही एकदम कधीच सोडायचे नाहीत. हात सुटला तर माणूस खालच्या खुंटीपर्यंत घसरत जातो आणि झटका जबर बसतो. म्हणून पट्ट्याच्या मुळाशी शिवलेली घडी असते. तिची शिवण उसवत जाते आणि झटका स्वतःवर घेते. मोडण्यासाठीच केलेला जोड मी पहिल्यांदा पाहिला.

तिथंही मी खुंटीवर टकटक केलीच. आता कळतं, ती सवय लोखंडावरच्या अविश्वासातून आलेली नाही. उभ्या कड्यावर आपण धरतो ते कुणाचं तरी काम असतं, आणि ते काम लावून संपत नाही. दर पावसाळ्यानंतर कुणाला तरी वर चढून बोल्ट हलवून बघावा लागतो, गंज खरवडून प्राइमर मारावा लागतो, कुजलेला दांडा कापून नवा जोडावा लागतो. देणगीदाराच्या नावाची पाटी आपल्याकडे हौसेनं लागते. शिडीच्या पायथ्याशी मला दुसरी पाटी हवी आहे: शेवटची तपासणी कधी झाली आणि कुणी केली. तेवढं लिहिलेलं असलं, की मी टकटक न करता चढेन.