आपोआप जुळणारी जोडणी

वीजपुरवठा खंडित होऊन पूर्ववत झाला, की घरातील लिनक्स संगणकाने कोणाच्याही हुकमाची प्रतीक्षा न करता जगाशी आपला संबंध पुन्हा प्रस्थापित करावा, ही अपेक्षा मला आता इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्यामागे केवढा बंदोबस्त उभा आहे याचा विचार क्वचितच मनात येतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणात पूर्वी एका साध्या फायलीत ‘ऑटो’पुढे जोडणीचे नाव नमूद केले, म्हणजे काम भागत असे. पुढे २००४ साली रेड हॅट कंपनीने नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम आणला आणि प्रत्येक जोडणीचे स्वतंत्र दप्तर निर्माण झाले, ज्यात स्वयंचलनाची मंजुरी आणि अनेक वायफाय जोडण्यांपैकी अग्रक्रम कोणाला, या दोहोंची नोंद असते. मात्र परवलीचा शब्द एखाद्या वापरकर्त्याच्या खाजगी तिजोरीत बंद असेल, तर तो वापरकर्ता लॉगिन करीपर्यंत यंत्र स्वस्थ बसून राहते. यात मला दोष दिसत नाही, विवेक दिसतो. कारण स्वयंचलन म्हणजे अधिकाराचे विस्मरण नव्हे. ज्यास दूरवरून संगणक चालवावयाचा असेल, त्याने ती जोडणी सर्व वापरकर्त्यांस खुली करावी आणि परवलीचा शब्द केवळ रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाच वाचता येणाऱ्या दप्तरात ठेवावा.