एका तारेची साथ

मुलांनो, आमच्या कनेरगाव नाक्याला लग्नानंतर कुणाकडे गोंधळ असला, की मी हटकून जातो. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणं. संबळाचा कडकडाट झाला, की पेंगुळलेली पोरं ताडकन उठून बसतात. तुणतुण्याला मात्र हसतात, "गुरुजी, एकच तार!"

मी म्हणतो, डोळे मिटून ऐका. माहूरच्या रेणुकेला, तुळजापूरच्या भवानीला बोलावताना गाणाऱ्याचा आवाज चढतो, उतरतो. तार आपल्या सुरावर ठाम! तिच्याच आधारानं तो पुन्हा जागेवर येतो. परभणीच्या राजारामबापू कदमांना लोक गोंधळमहर्षी म्हणत, ते याच कलेमुळे.

माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांचं तुणतुणं कुणाला दाखवत नसे. परवा त्यानं ते शाळेत आणलं. आता मधल्या सुट्टीत तार छेडायला रांग लागते!