बारमाही नेचे

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्याकपारी नेच्यांनी हिरव्यागार होतात आणि थंडी सरेपर्यंत त्यांतले बहुतेक नेचे वाळून जातात. खोड तेवढे मातीत दडून पुढच्या जूनपर्यंत तग धरते. झाडावर वाढणारे बाशिंगही उन्हाळ्यात हिरवी पाने टाकते. उरतात ती बुंध्याला बिलगलेली तपकिरी, कोरडी पाने. बागेच्या सावलीत वर्षभर हिरवाई हवी असेल, तर रान ओरबाडून उपयोग नाही. तिथे बारमाही जातीच लावाव्यात.

त्यांतला सर्वांत चिवट नेफ्रोलेपिस. त्याचाच बोस्टन फर्न हा झुकत्या पानांचा प्रकार 1894 मध्ये अमेरिकेत रोपांच्या एका खेपेत सापडला. ॲस्प्लेनियम नायडसची रुंद, अखंड, चकचकीत पाने घरट्यासारखा गोल धरतात; त्या गोलाच्या मधोमध ओली माती साचू देऊ नये, कोंब कुजतो. विहिरींच्या ओल्या कडांवर दिसणारा काळ्या, तारेसारख्या देठांचा हंसराज सर्वांत देखणा आणि तितकाच नाजूक. कुंडी एकदा कोरडी पडली की त्याची पाने करपलीच.

सावली म्हणजे अंधार नव्हे. कोवळे ऊन येणारी पूर्वेची बाजू किंवा आंब्याखालचा गाळीव उजेड नेच्यांना मानवतो. माती भुसभुशीत हवी: कुजलेला पालापाचोळा, थोडे शेणखत, तळाला विटांचे तुकडे. रासायनिक खताचा जोर त्यांना सोसत नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. किनाऱ्यालगत हवेत दमटपणा असतो, म्हणून कोकणात निभावते. देशावरच्या कोरड्या वाऱ्यात मात्र पानांच्या कडा तपकिरी होतात. अशा वेळी नुसते मुळाशी पाणी घालून भागत नाही. भोवतालची जमीन भिजवावी, पाचोळ्याचा थर द्यावा, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात.

पानांच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके पाहून कीड समजणारे आणि चांगली पाने छाटणारे पुष्कळ. नेफ्रोलेपिसच्या पर्णिकेवर हे ठिपके मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीने बसलेले असतात. त्यांत बीजाणू तयार होतात. खवलेकीड वाटेल तशी विखुरते आणि नखाने खरवडली की सुटते.

नवी रोपे करायला पावसाच्या सुरुवातीला गड्डा विभागणे सोपे. बीजाणूंची वाट लांबची आहे. त्यांतून आधी नखाएवढा, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो आणि पाण्याचा पातळ थर असेल तरच त्यावर फलन होते. ओल्या विटेवर आपसूक उगवलेले नेच्याचे पिल्लू दिसले, तर ते खरवडू नये. विटेच्या तुकड्यासकट उचलून कुंडीत ठेवावे.