उजेड कुठे पाडायचा?

वॉशिंग सेंटरमधल्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवायचं ठरलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बिल किती कमी येईल? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. हिशेब मांडून बघू. चार फुटी ३६ वॉटची ट्यूब आणि तिचा तांब्याचा चोक मिळून साधारण ४८ वॉट खातात. शेडमध्ये अशा १२ पट्ट्या असल्या तर ५७६ वॉट झाले. त्यांच्या जागी २० वॉटचे एलईडी बॅटन आले की २४०. वाचले ३३६ वॉट. आपल्याकडची सेंटरं सकाळी उघडतात आणि रात्री आठ-नऊला शटर ओढतात. दिवे रोज पाच तास जळतात, वर्षाला ३०० दिवस काम चालतं आणि सगळे आकार मिळून युनिट १२ रुपयांना पडतं असं धरलं, तर वर्षाची बचत सहा हजारांच्या आसपास येते. त्याच शेडमधला तीन हॉर्सपॉवरचा प्रेशर पंप दिवसात सहा तास चालला तर एकटाच तेरा युनिटं ओढतो. दिव्यांतून वाचतात पावणेदोनसुद्धा नाहीत. गाडीला फोम लावून होईपर्यंत पंप उगाच बायपासवर फिरत असतो, तो तेवढा वेळ बंद ठेवायची पोरांना सवय लावली तरी बरंच पदरात पडेल. अमेरिकेत नाणं टाकून आपली गाडी आपणच धुवायची सेंटरं रात्रभर उघडी असतात. तिथे दिव्यांची संख्या आणि तास दोन्ही जास्त, त्यामुळे बचतीचा आकडा डोळ्यांत भरतो. तिथलं गणित इथल्या शेडला लावून एलईडी विकणारे विक्रेते पुष्कळ आहेत.

तरीही बदल करावा, आणि आताच करावा असं माझं मत आहे. एक तर तो टळणारा नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या बैठकीत सरळ ट्यूब टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं: जुन्या हॅलोफॉस्फेट पावडरच्या २०२६ पर्यंत, ट्रायफॉस्फरच्या २०२७ पर्यंत. भारतानं हा करार २०१८ मध्ये स्वीकारलेला आहे. पण बाजारात ट्यूब मिळेनाशी होईल हे मला पुरेसं कारण वाटत नाही. पट्ट्या उतरवायच्याच आहेत, वायरमन शिडीवर चढणारच आहे, तर दिव्यांच्या जागा नव्यानं ठरवायची संधी वीस वर्षांत एकदाच येते. ट्यूब होती तिथेच, त्याच स्क्रूवर, नवा बॅटन ठोकला की ती संधी गेली. गाडी धुण्याच्या जागी दिव्याचं काम एकच: मळ कुठे राहिला ते धुणाऱ्याला दाखवणं. त्या कसोटीवर आपल्या बहुतेक शेडमधले दिवे आजही चुकीच्या जागी आहेत, आणि एलईडीनं ती चूक आणखी उघडी पडते.

गाडीचा सगळ्यात मळका भाग कोणता? टप नव्हे. दाराची खालची कड, मडगार्डची आतली बाजू, चाकामागचा पत्रा. आता दिवा साडेतीन मीटर उंच छताला आहे आणि गाडीच्या कुशीपासून बाहेर जेमतेम ७० सेंमीवर आहे असं धरा. दाराच्या तळाशी त्याचा उजेड पत्र्याला जवळजवळ घासत येतो. भूमितीनं पाहिलं तर समोरून पडला असता त्याच्या पाचवा हिस्सा कामी येतो. त्यात गाडीचं अंग खाली आत वळलेलं असतं, म्हणजे खालची कड वरच्या फुगीर पत्र्याच्या सावलीतच. तोच दिवा भिंतीवर दोन मीटरवर, गाडीपासून दीड मीटर लांब, थोडा खाली झुकवून लावला तर दोन-तृतीयांश उजेड कामी येतो. वॉट तेवढेच, दिवा तोच. जुन्या उघड्या ट्यूबला एक गुण होता: ती चहूबाजूंनी पेटायची, भिंतीच्या पांढऱ्या टाइल्सवर उजेड पडायचा आणि परतून गाडीच्या कुशीवर यायचा. एलईडी बॅटन बहुतेक सगळा उजेड समोर टाकतो. म्हणून छतावर सरळ बदली केली की लक्समीटर जमिनीवर ठेवून आकडा वाढलेला दिसतो आणि दाराखाली मात्र पूर्वीपेक्षा काळोख. लिफ्टवर तर छताचा दिवा निरुपयोगीच. गाडी वर गेली की टप त्याच्या तोंडाशी आणि खाली अंधार. छतावरचे निम्मे दिवे काढून दोन्ही भिंतींवर गाडीच्या लांबीनं आडवे लावावेत, असं मी सुचवतो. आडवे आणि लांब हे महत्त्वाचं. रंगाचा पत्रा आरशासारखा असतो. काळ्या गाडीत आपल्याला रंग दिसत नाही, दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. लांब दिव्याची सलग रेघ पत्र्यावर पडते आणि साबणाचा ओघळ तिथे ती रेघ मोडतो, तेवढं धुणाऱ्याला पुरतं. फ्लडलाइटचा चकचकीत ठिपका डोळे दिपवतो आणि ओघळ लपवतो.

यावर लगेच येणारी हरकत मला माहीत आहे आणि ती खोटी नाही: भिंतीवर दोन मीटरवर दिवा म्हणजे गनच्या टप्प्यात दिवा. पण छतावरचा तरी कुठे सुटलाय? लिफ्टवर गाडी चढवून चाकाच्या कमानीत खालून वर जेट मारला जातो, तो थेट छताच्या पट्टीवर आदळतो. इथे डब्यावर आयपी ६५ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ती चाचणी कशी होते ते बघावं. शेवटचा ५ म्हणजे ६.३ मिमीच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच-तीन मीटरवरून. ६ म्हणजे साडेबारा मिमीचं नोझल, १०० लिटर, तितक्याच अंतरावरून. दोन्हींत दाब बागेतल्या पाइपापेक्षा फार वेगळा नाही. वॉशिंग सेंटरचा पंप १०० बारच्या पुढे चालतो आणि गन कधी कधी दिव्यापासून हातभर असते. त्यासाठीची परीक्षा आयपी ६९के: ८० अंश तापलेलं पाणी, ८० ते १०० बार, १० ते १५ सेंमीवरून. असा डबा महाग असतो. पण तो सगळीकडे लागत नाही. जेट पोचतो तिथेच लावावा, व्हॅक्यूमच्या आणि पुसायच्या जागी ६५ ठीक आहे.

शिवाय पाणी आत जातं ते दरवेळी जेटच्या जोरानंच असं नाही. दिवा तासभर पेटला की डब्यातली हवा तापते. ५० अंशांची हवा गार पाण्याच्या फवाऱ्यानं २५ वर आली की सात-आठ टक्क्यांनी आकसू पाहते, आणि घट्ट बंद डब्यात त्यामुळे पाऊण मीटर पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ तयार होते. गॅस्केटच्या कडेला किंवा केबल ग्लँडपाशी थेंबभर पाणी थांबलेलं असलं तर डबा ते आत ओढून घेतो. रोज थोडं, पण आत गेलेलं बाहेर येत नाही. एलईडी थंड चालतो म्हणून ही ओढ कमी असते हे खरं. पण जुन्या पट्टीतला चोक चांगला तापायचा आणि ओल वाळवून टाकायचा, आणि तांब्याच्या वेटोळ्याला थोड्या दमटपणाचं काही वाटत नसे. एलईडीचा ड्रायव्हर म्हणजे बारीक सोल्डरचं सर्किट. ते हिरवं पडायला एक पावसाळा पुरतो. आतला दाब सांभाळणारी पडद्याची छोटी झडप असलेलं फिटिंग घ्यावं आणि केबल खालून घालावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी ग्लँडकडे जाणार नाही. कव्हर कशाचं आहे तेही विचारावं. पॉलिकार्बोनेट फुटत नाही म्हणून आपल्याला आवडतं, पण तीव्र अल्कलीच्या शॅम्पूनं आणि इंजिनावर मारलेल्या डिझेल-रॉकेलच्या फवाऱ्यानं त्याला केसासारख्या चिरा पडतात. बोअरच्या पाण्याचा क्षार पांढरा पापुद्रा धरतो तो वेगळाच. तो खरवडायला ॲसिड घेतलं की कव्हर कायमचं धुरकट.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा: एवढं सगळं कशाला, जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब घालू. दुकानात किंवा कोरड्या कार्यालयात मी याला नाही म्हणत नाही. इथे म्हणतो. पट्टी गंजलेली असते, होल्डर ठिसूळ झालेले असतात. चोक काढून वायरिंग बदलावं लागतं आणि ते कुणी, कसं केलं याची खूण पट्टीवर राहत नाही. काही ट्यूबना एका टोकानं वीज देतात, काहींना दोन्ही टोकांनी. दुसऱ्या प्रकारात एक टोक बसलेलं आणि दुसरं हातात असताना हातातल्या पिनांवर वीज असू शकते. हे सगळं ओल्या फरशीवर, फाटक्या गमबुटात उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यावर. स्विच बंद न करता ट्यूब फिरवून बघायची सवय आपल्याकडे किती पक्की आहे ते वेगळं सांगायला नको. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी आणि धड अर्थिंग हवंच, पण त्यांच्या भरवशावर कच्चं काम करू नये. माझ्या मते लहान सेंटरला उत्तम उपाय वेगळाच आहे: ड्रायव्हर शेडबाहेर, कोरड्या पॅनेलमध्ये ठेवायचा आणि धुण्याच्या जागी फक्त २४ व्होल्ट डीसी न्यायचं. १०० वॉटसाठी जेमतेम सव्वाचार अँपिअर लागतात. दहा मीटरवर अडीच एमएमच्या वायरमध्ये पाऊण व्होल्टही पडत नाही. बिघडतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच, आणि तो हाताशी असला की शिडीही लागत नाही. पंप सुरू होताना बसणारे व्होल्टेजचे झटके अडवायचा सर्ज अरेस्टरही तिथेच लागतो.

रंगाबद्दल थोडंच. आपल्याकडे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा म्हणजेच ‘चांगला उजेड’ असं समीकरण आहे. पण स्वस्त एलईडीत लाल रंग फार दुबळा असतो. कोकणात जांभ्याची लाल माती मरून रंगाच्या गाडीवर बसलेली असेल तर अशा दिव्याखाली ती गाडीच्या रंगातच मिसळून जाते; गिऱ्हाईक घरी नेऊन उन्हात बघतं तेव्हा दिसते. जुन्या ट्यूबही याबाबतीत काही सरस नव्हत्या. ४००० ते ५००० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर, आणि लाल रंगाचा आर९ आकडा छापलेला असला तर तोही बघून घ्यावा. पॉलिशिंगच्या जागी ड्रायव्हर लुकलुकणारा नको, नाहीतर फिरतं बफिंग पॅड थांबल्यासारखं दिसू शकतं.

हे सगळं करायला सरळ बदलीपेक्षा खर्च जास्त येतो आणि तो विजेच्या बिलातून लवकर भरून निघत नाही, हे मी आधीच कबूल केलं आहे. तो निघतो परत येणाऱ्या गाड्यांतून. दाराखाली माती राहिली म्हणून पुन्हा धुवायला लागलेली गाडी पाणी, शॅम्पू, पंप आणि अर्ध्या तासाची मजुरी फुकट खाते. आठवड्याला अशा किती येतात हे प्रत्येक मालकाला ठाऊक असतं. तो आकडा त्यानं स्वतःच मांडावा. उतरवलेल्या ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नयेत, आत पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडे अख्ख्या द्याव्यात. आणि वायरमनचं बिल चुकतं करण्याआधी नवे दिवे तासभर पेटवून ठेवायचे, मग रोजच्या गननं, रोजच्या अंतरावरून, रोजच्या कोनातून त्यांना भिजवायचं आणि तसेच पेटते ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हरच्या आतल्या बाजूला वाफ धरलेली दिसली तर ते फिटिंग त्याच दिवशी परत करायचं.