आकाशातील वाट

मुंबईहून लंडन किती दूर आहे, असा प्रश्न कोणी केला, तर भूगोलाचा अभ्यासक चटकन सांगतो, ‘सुमारे ७,२०० किलोमीटर.’ हे उत्तर बरोबर असले, तरी पुरेसे नाही. प्रवाशाला अंतरापेक्षा वेळेची चिंता अधिक. आणि ही वेळ काळानुसार, वाऱ्यानुसार, क्वचित माणसांच्या सलोख्यानुसारही बदलते.

शिडाची जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जात, तेव्हा या प्रवासास कित्येक महिने लागत. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींनी हा प्रवास काही आठवड्यांवर आणला. पुढे ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबईहून उड्डाण केले व कैरो आणि जिनीव्हा येथे थांबून ते लंडनला पोहोचले. आता विमान वाटेत कोठेही न उतरता नऊ-दहा तासांत तेथे जाते. पूर्वी जेवढ्या काळात परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या हाती घरचे पत्रही पडत नसे, त्याच्या अल्पांशात आज प्रत्यक्ष आईच त्याच्या दाराशी जाऊन उभी राहू शकते.

परंतु आकाशातील वाट दिसते तितकी सरळ नसते. भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, की तीच जवळची वाट असे वाटते. पण पृथ्वी काही कागदासारखी सपाट नाही. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो नकाशावरील रेघेपेक्षा उत्तरेकडून गेलेला दिसेल. नकाशावर वाकडी भासणारी ती वाटच खरोखर सर्वांत जवळची होय.

वाऱ्याचीही एक गंमत आहे. जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनला जाताना विमानाला त्यांच्याशी झुंजावे लागते. परतताना तेच वारे त्याला पाठीमागून रेटा देतात. म्हणून जाण्यापेक्षा येण्यास बहुधा कमी वेळ लागतो. अंतर तेच, विमानही तेच. फरक केवळ वाऱ्याचा.

आणखी एक अडथळा मात्र निसर्गाने घातलेला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत भारत व पाकिस्तान यांच्यातील तणाव वाढला आणि पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. जुलैमध्ये ते पुन्हा खुले होईपर्यंत दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून लांबचा वळसा घ्यावा लागला. इंधन अधिक जळले आणि प्रवास लांबला. आकाशात ना भिंत दिसते, ना काटेरी तार. स्थलांतर करणारे पक्षी तर सीमा ओळखतही नाहीत. तरीही माणसांच्या मनातील कुंपण तेथवर जाऊन पोहोचले.

दोन शहरांमधील अंतर पृथ्वीनेच ठरवून दिले आहे. ते तसूभरही कमी करता येत नाही. वाऱ्याला थोपविणेही कोणाला शक्य नाही. मनुष्याने बुद्धीच्या बळावर महिन्यांचा प्रवास तासांवर आणला, हे त्याचे मोठेच यश होय. आकाशातील कुंपणे दूर करण्यास मात्र अधिक वेगवान विमान उपयोगी पडणार नाही. ते काम शेजाऱ्यांतील सलोख्यानेच व्हावयाचे आहे.